लेकाची शाळा आणि आजीची जपमाळ

फॉर्म भरायचा शेवटचा दिवस शुक्रवार होता आणि गुरुवारी रात्री साडेअकराला आम्ही दोघं ओट्यापाशी उभं राहून भांडत होतो, हळू आवाजात, कारण मुलं झोपली होती. नवऱ्याचं एकच म्हणणं, आत्ताची शाळा वाईट काय आहे? मुलं-मुली एकत्र आहेत, बस दारात येते, टीचर हसून बोलतात, मुलगा सकाळी रडत नाही, मग त्याला चौथीतून उचलून त्या जुन्या दगडी इमारतीत कशाला टाकायचं, फक्त मुलगे, केसांची तपासणी, दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मिस्सा म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, धर्मशिक्षणाचीसुद्धा परीक्षा! तो स्वतः अशाच एका फादरांच्या शाळेत शिकलाय, नव्वदच्या दशकात. तिथे छडी होती. होमवर्क विसरला म्हणून खाल्लेल्या छडीचा वळ त्याला अजून आठवतो आणि कॉलेजात पहिले सहा महिने मुलीनं नोट्स मागितल्या तरी घाम फुटायचा, हेही आठवतं. त्यामुळे त्याचा विरोध उगाच नव्हता, आणि मला त्या रात्रीही ते कळत होतं.

तरी मी हट्ट सोडला नाही. का, ते सांगायचं तर आधी वसईला जावं लागेल.

माझं माहेर नंदाखालचं. आम्ही सामवेदी ख्रिस्ती, घरात सामवेदी बोली, चर्चमध्ये मराठी, शाळाही चर्चच्या आवारातली, मराठी माध्यमाची. वसईबाहेरच्या लोकांना अजूनही आश्चर्य वाटतं की कॅथलिक असून तुम्ही घरी मराठी कसं काय. अहो, आमच्याकडे केळीच्या बागा, बावखलं म्हणजे छोटी तळी, लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या, सुकेळी म्हणजे वाळवलेली केळी आणि रविवारची मिस्सा, हे सगळं एकाच अंगणातलं आहे. धर्म म्हणजे वेगळं काही शिकायचं असतं हे आम्हाला लहानपणी माहीतच नव्हतं. संध्याकाळी दिवा लागला की आई जपमाळ हातात घ्यायची, आम्ही भावंडं भिंतीला टेकून बसायचो, आणि पेंगत पेंगत का होईना उत्तरं द्यायचो.

बोरिवलीला फ्लॅट घेतल्यावर ते सुटलं. कोणी ठरवून सोडलं नाही. दोघांच्या नोकऱ्या, लोकल, साडेआठला घरी, मग जेवण, मग अभ्यास. रविवारी चर्चला जायचो पण तेही कधी कधी.

मग माझे बाबा गेले. मोठा तेव्हा नऊ वर्षांचा होता. बाबांना ओटीवर ठेवलं होतं, उशाशी मेणबत्त्या, आजूबाजूला बायका बसून जपमाळ म्हणत होत्या, आणि माझा मुलगा दाराच्या चौकटीत उभा. त्याला आजोबा फार आवडायचे. पण हात कुठे ठेवायचे हेच त्याला कळत नव्हतं. खिशात घातले, काढले, मागे बांधले, परत खिशात. तेवढ्यात माझ्या भावाचा मुलगा आला, याच्याच वयाचा, चपला काढल्या, आजोबांच्या पायाशी गुडघे टेकले, क्रुसाची खूण केली आणि बायकांच्या आवाजात आवाज मिसळला. त्यालाही रडू येत होतं, पण त्या रडण्याला बसायला जागा होती. माझ्या मुलाचं रडणं तसंच उभं राहिलं, दारात.

ते चित्र मी नवऱ्याला सांगितलं, त्या गुरुवारी रात्री. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मग हे आपण घरी शिकवायचं ना, शाळेवर कशाला ढकलतेस?" खरं होतं. पण आम्ही चार वर्षं घरी शिकवणारच होतो, उद्यापासून, परवापासून. मला घराबाहेर कोणीतरी हवं होतं जे माझ्या मुलाकडून काही मागेल. मार्कांचं मागणारे पुष्कळ आहेत. उभं राहा, गप्प बस, दुसऱ्याचं ऐक, चुकलास तर कबूल कर, हे मागणारं कोणी त्याच्या आयुष्यात नव्हतं.

फॉर्म भरला. पण भरायच्या आधी आणि नंतरही मी बरंच शोधलं, लोकांशी बोलले, वाचलं, कारण आपल्याकडे या शाळांना सरसकट कॉन्व्हेंट म्हणतात आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. कॉन्व्हेंट सिस्टर्सचं असतं. फादरांच्या मुलग्यांच्या शाळा वेगळ्या, आणि त्यातही शाळा फादरांच्या कुठल्या धर्मसंघाची यावर खूप काही अवलंबून असतं. जेझुइटांचा संघ १५४० सालचा, इग्नेशियस लोयोलाचा, त्यांनी १५९९ मध्ये शाळा कशा चालवायच्या याची अख्खी नियमावलीच काढली, वर्ग, परीक्षा, वक्तृत्व, सगळं. मुंबईचं झेवियर्स त्यांचंच, १८६९ चं, पुण्याचं सेंट व्हिन्सेंट्स १८६७ चं. डॉन बॉस्कोवाले म्हणजे सालेशियन, त्यांचं मूळ इटलीत तुरीनच्या रस्त्यांवरच्या अनाथ, कामाला जुंपलेल्या पोरांमध्ये. त्यांचे संस्थापक फादर डॉन बॉस्को म्हणायचे शिक्षा करायची वेळच येऊ देऊ नका, फादरांनी पोरांबरोबर मैदानात असावं, खेळावं, लक्ष ठेवावं. १८८४ मध्ये रोमहून लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटलंय की मुलांवर नुसतं प्रेम असून भागत नाही, आपल्यावर प्रेम आहे हे मुलांना कळलं पाहिजे. हे वाचून मी तेच वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं आणि तो म्हणाला, "आमच्या फादरांनी हे वाचलं नव्हतं."

आणि एक गोष्ट मला माझ्याच मातीत सापडली. आमचे वसईचे संत गोन्सालो गार्सिया, ज्यांना १५९७ च्या फेब्रुवारीत नागासाकीला क्रुसावर मारलं आणि १८६२ मध्ये संतपद मिळालं, भारतात जन्मलेले पहिले संत, ते लहानपणी वसईच्या किल्ल्यात जेझुइट फादरांकडेच शिकले होते. किल्ल्यातल्या त्या पडक्या भिंती मी शंभर वेळा बघितल्यात, शाळेच्या सहलीत, नात्यातल्या लग्नाच्या फोटोंसाठी. तिथे कधीकाळी वसईचा एक पोरगा फादरांसमोर बसून धडे गिरवत होता हे डोक्यातच आलं नव्हतं.

आता फक्त मुलग्यांची शाळा का, हा प्रश्न. मी प्रामाणिकपणे सांगते, मला त्याचं समर्थन करता येत नाही. १९२९ साली पोप अकरावे पायस यांनी शिक्षणावर जे परिपत्र काढलं त्यात मुलामुलींचं एकत्र शिक्षण चुकीचं आणि घातक म्हटलंय, या शाळांच्या मागे तो विचार आहे आणि तो मला पटत नाही. दुसरीकडे जे लोक सांगतात की नुसत्या मुलग्यांच्यात मुलगा जास्त चांगला शिकतो, तेही मला पटलं नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी १८४ अभ्यास एकत्र करून बघितले, २१ देश, १६ लाख विद्यार्थी, आणि चांगल्या दर्जाच्या अभ्यासांत वेगळं शिकवण्याचा म्हणावा असा फायदा दिसला नाही. म्हणजे मार्कांसाठी हे करायचं कारण नाही. मी ही गोष्ट किंमत म्हणून स्वीकारली. मला बाकीचं जे हवं होतं ते या एका गोष्टीसकट मिळत होतं, मग ही उणीव मी घरी भरून काढीन असं ठरवलं. घरात धाकटी आहे, वसईला चुलत-मावस बहिणींचा गोतावळा आहे, आमच्या चर्चच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मुली आहेत.

दुसरा प्रश्न जड होता आणि तो विचारल्याशिवाय मी सही करणार नव्हते. चर्चच्या शाळांमध्ये, वसतिगृहांमध्ये जगभर मुलांवर काय काय झालंय हे सगळ्यांनी वाचलंय. कॅथलिक आई म्हणून ते वाचताना पोटात जे होतं ते वेगळंच असतं, कारण ती दुसऱ्या कोणाची गोष्ट नसते. मुलाखतीला प्रिन्सिपल फादरांनी सगळं विचारून झाल्यावर म्हटलं, "तुम्हाला काही विचारायचंय?" मी म्हटलं, "फादर, माझा मुलगा या आवारात एखाद्या मोठ्या माणसाबरोबर बंद दाराआड एकटा कधी असेल?" नवरा माझ्याकडे बघायला लागला. फादर रागावले नाहीत. त्यांनी नुसतं माझ्या मागे बोट केलं. त्यांच्या केबिनचं दार आम्ही आलो तेव्हापासून सताड उघडं होतं, बाहेर शिपाई बसलेला दिसत होता, जिन्यावरून मुलं जाताना दिसत होती. मग ते उठले आणि आम्हाला समुपदेशकांची खोली दाखवली, दाराला छातीच्या उंचीवर काच. मुलांचं कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे चुकांची कबुली, हॉलमध्ये होतं, दोन खुर्च्या, सगळ्यांना दिसेल अशा, ऐकू मात्र येणार नाही इतक्या लांब. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा आल्यापासून, म्हणजे २०१२ पासून, काय काय बदललं तेही त्यांनी सांगितलं. काचेचं दार म्हणजे हमी नाही, हे मला माहीत आहे. मी मुलाला वेगळं बसवून सांगितलंय, फादर असो, सर असो, नातेवाईक असो, आणि दर दोन-तीन महिन्यांनी परत सांगते. पण प्रश्न ऐकून ज्यांचा चेहरा आंबट होतो अशा ठिकाणी मी मुलाला ठेवलं नसतं.

जूनमध्ये शाळेचं कॅलेंडर हातात आलं. छोटी जाड डायरी, निळं कव्हर. पहिल्या पानांवर प्रार्थना, मग नियम, मग सुट्ट्या, मग मागे रिमार्कची पानं, आईवडिलांच्या सहीसाठी रकाना. मी ते ओट्यावर ठेवून भाजी निवडत अख्खं वाचलं. नखं, केस, बूट काळे, मोबाइल नाही, वाढदिवसाला वर्गात चॉकलेटशिवाय काही वाटायचं नाही. हा शेवटचा नियम वाचून मला इतकं हलकं वाटलं! आधीच्या शाळेत प्रत्येक वाढदिवसाला रिटर्न गिफ्टची जी चढाओढ होती तिने आम्ही थकलो होतो.

वर्गात पन्नासच्या वर मुलं आणि त्यात कॅथलिक जेमतेम आठ-नऊ. हे बाहेरच्यांना माहीत नसतं, शाळा कॅथलिक पण वर्ग मुंबईचा, जैन, गुजराती, मराठी, मुसलमान, सगळे. धर्मशिक्षणाच्या तासाला ही आठ-नऊ मुलं उठून वेगळ्या खोलीत जातात आणि बाकीच्यांना मॉरल सायन्स. ते असंच असायला हवं, संविधानाच्या २८ व्या कलमातच आहे की पालकांच्या संमतीशिवाय कोणाच्या मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही. माझ्या मुलाच्या शेजारी बसणारा मुलगा डोंबिवलीकडचा, घरी गणपती बसतो त्याच्या, दीड दिवसांचा. पहिल्या वर्षी मोठा त्याच्याकडे जेवायला गेला आणि आल्यावर मला विचारलं, "मम्मी, ते आरतीच्या वेळी सगळे उभे होते, मी पण उभा राहिलो आणि हात जोडले, चाललं ना?" मी म्हटलं चाललं. त्याला दुसऱ्याच्या घरी हात कुठे ठेवायचे ते कळलं होतं.

तीन वर्षं झाली, आता तो आठवीत जाईल. काय मिळालं ते मोजून सांगता येत नाही पण काही गोष्टी दिसतात. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात वर्गात एक पुठ्ठ्याचा डबा फिरतो, मुलं मधल्या सुट्टीतल्या वडापावचे पैसे त्यात टाकतात, पहिल्या वर्षी तो कुरकुरला, दुसऱ्या वर्षी त्याने स्वतःहून घरी एक वाटी ठेवली आणि धाकटीकडूनही वसुली सुरू केली. मैदानावर एक साठीचे फादर आपला पायघोळ झगा, कॅसॉक, वर खोचून मुलांबरोबर फुटबॉल खेळतात, ते मी स्वतः गेटमधून बघितलंय, धापा टाकत होते पण बॉल सोडत नव्हते. एकदा याने कॉपी केली आणि पकडला गेला. कॅलेंडरमध्ये लाल शाईचा रिमार्क, सही आणायची. तो दोन दिवस सही मागायला आला नाही, तिसऱ्या दिवशी सकाळी बूट घालताना डायरी पुढे केली आणि म्हणाला, "मी फादरना आधीच सांगितलंय की मीच केली, तो दुसरा नव्हता." मी सही केली. ओरडायचं ठरवलं होतं, ओरडता आलं नाही.

आणि जे बिघडलं तेही सांगते. सहावीत असताना धाकटी पडली, गुडघा फुटला, ती रडत होती आणि हा तिला म्हणाला, "मुलीसारखी काय रडतेस?" ती म्हणाली मी मुलगीच आहे. मी दोघांना समोर बसवलं आणि विचारलं हे कुठून आलं. पी.टी.चे सर म्हणतात. धावताना जो मागे राहतो त्याला म्हणतात, चल बाई, पळ. सगळी मुलं हसतात. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आजोबांच्या पायाशी रडता यावं म्हणून ज्या मुलाला मी इथे घातलं त्याला इथे रडण्याची लाज शिकवतात?

मी दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून शाळेत गेले. फादरांनी ऐकून घेतलं, सरांना बोलावलं, सर म्हणाले मॅडम आम्ही मस्करीत म्हणतो. मी म्हटलं, सर, माझ्या घरी सात वर्षांची मुलगी आहे आणि तिला ती मस्करी कळली नाही. सर गप्प झाले. त्यानंतर ते थांबलं असं मुलगा म्हणतो, पूर्ण थांबलं असेल असं मला वाटत नाही, कारण ते एका सरांचं नाहीये, पन्नास मुलगे एकत्र असले आणि वर्गात एकही मुलगी नसली की ते आपोआप उगवतं, तणासारखं, आणि रोज उपटावं लागतं. ते काम मी घरी करते, नवरा माझ्यापेक्षा जास्त करतो. त्याला तसली शाळा आतून माहीत आहे. मुलगा बघेल असा तो स्वयंपाकघरात असतो, आणि बाबांच्या वर्षश्राद्धाच्या मिस्साला तो मुलाच्या शेजारी उभा राहून उघडपणे रडला.

एक गोष्ट मात्र मला आधी सुचली नव्हती आणि तीच सगळ्यात जास्त लागली. शाळेने मुलाला प्रार्थना शिकवल्या, सगळ्या इंग्रजीत. चुका नाहीत, उच्चार स्वच्छ. पहिल्यांदा त्याने जेवायच्या आधी डोळे मिटून म्हटली तेव्हा मला आनंद झाला, आणि त्याच क्षणी कुठेतरी आत रिकामं झालं. माझी आई लहान होती तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये असायची, तिला एक अक्षर कळायचं नाही, फादर पाठमोरे असायचे आणि बायका खाली बसून आपापली जपमाळ ओढायच्या. मग रोममध्ये जगभरच्या बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, १९६२ ते ६५, आणि मिस्सा मराठीत आली. आई सांगते, पहिल्यांदा अख्खी मिस्सा मराठीत ऐकली तेव्हा वाटलं देव घराच्या पडवीत येऊन बसला. मी त्या पडवीतच वाढले. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हटल्यावर मला माझे बाबा दिसतात, बनियनवर, विहिरीपाशी. माझ्या मुलाला ते इंग्रजी शब्दांत दिसणार नाहीत. तीन पिढ्या, तीन भाषा, एकच मिस्सा.

शाळेला मी याचा दोष देत नाही, माध्यम इंग्रजी आहे हे मला माहीत होतं. पण ज्या जेझुइटांचं मी एवढं वाचत होते त्यांच्यातलेच फादर स्टीफन्स, जन्माने इंग्रज, १५७९ मध्ये गोव्याला आले आणि त्यांनी ख्रिस्तपुराण मराठीत लिहिलं, ओवीबद्ध, १६१६ ला छापलं, आणि त्यात मराठीला फुलांमधल्या मोगरीची उपमा दिली! चारशे वर्षांपूर्वी एका परक्या माणसाला हे करावंसं वाटलं, आणि मी, जिची ही मायबोली, मी माझ्या मुलाला साधी जपमाळ मराठीत दिली नाही.

तेव्हापासून सुट्टी लागली की तो वसईला जातो, आजीकडे. एकटाच, धाकटी मागून येते. गेल्या ऑक्टोबरमध्ये, जपमाळेच्या महिन्यात, मीही चार दिवस गेले होते. आजीला आता जिना चढवत नाही, ती ओटीवरच असते, बाबांना ठेवलं होतं त्याच जागेच्या जवळ तिची खुर्ची. दिवे लागले. तिने जपमाळ काढली आणि नातवाला म्हणाली, "आज तू सुरू कर." त्याने सुरू केलं, इंग्रजीत, त्याला तेच येतं. मरियेच्या प्रार्थनेचे दोन भाग असतात, पहिला सांगणाऱ्याचा, दुसरा बाकीच्यांचा. त्याचा पहिला भाग इंग्रजीत संपला आणि आजीने क्षणाचाही विचार न करता दुसरा मराठीत उचलला, "पवित्र मरिये, देवाच्या माते", आम्हीही तिच्या मागे. असं दहा वेळा. कोणालाच काही अडलं नाही.

पहिलं दशक, म्हणजे ते दहा मणी, झाल्यावर तो थांबला. म्हणाला, "आजी, तू मरणाची समई म्हणतेस ती कुठली?"

आजी म्हणते त्या जुन्या प्रार्थनेत शेवटी आमच्या मरणसमयी असं आहे. त्याला समई ऐकू आलं. समई त्याने मित्राच्या घरी गणपतीपुढे बघितलीय. मी सांगायला तोंड उघडलं की अरे समयी म्हणजे वेळेला, पण आईने मला हाताने थांबवलं.

"आजोबांच्या उशाशी मेणबत्त्या होत्या, आठवतात?" ती म्हणाली.

"हो."

"तू दारात उभा होतास."

तो काही बोलला नाही. जपमाळ त्याच्या मांडीवर पडली होती, ती त्याने उचलली, कुठला मणी होता ते बोटांनी शोधलं, आणि पुढची सुरू केली.